गरम ढिगाची चाचणी

१

चाळणबाई मेल्याचं कळल्यावर खरेदी कार्यालयातल्या बहुतेकांनी आधी एकच गोष्ट विचारली: मग आजची बैठक होणार का?

बैठक होणार नव्हती. चाळणबाई नमुना-खोलीत टेबलाखाली पडल्या होत्या, एक चप्पल पायात आणि एक दाराशी. अंगावर जखम नव्हती, रक्त नव्हतं. चेहरा मात्र इतका काळानिळा पडला होता, की त्यांना रोज पाणी देणाऱ्या शिपायानेही आधी विचारलं, ह्या कोण? उजव्या मुठीत पातळ हिरव्या प्लास्टिकचा तुकडा होता आणि त्यावर छापलेलं अर्धं पान. कुणीतरी त्यांच्या डोक्यावरून पिशवी ओढली होती आणि त्या शांत होईपर्यंत आवळून धरली होती. ती पिशवी खोलीत कुठेच नव्हती.

खरं सांगायचं तर बाई कुणाच्या लाडक्या नव्हत्या. शहरातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत, शाळांत आणि खाणावळींत ओल्या कचऱ्यासाठी वनस्पतींपासून बनवलेल्या पिशव्या घ्यायच्या, असं नवं धोरण ठरत होतं. काही दवाखान्यांत वर्षभर त्याचा प्रयोग चालूच होता: कचरा पिशवीसकट कार्यालयामागच्या खताच्या आवारात यायचा आणि त्याचं खत व्हायचं. कंपन्या नमुने आणून द्यायच्या, बाई ते ढिगात पुरायच्या, आणि हंगाम संपला की ढीग उकरून सगळं खत चाळणीतून काढायच्या. चाळणीत जे उरेल ते पांढऱ्या चादरीवर मांडायचं आणि कंपनीच्या माणसाला बोलावून दाखवायचं, तेही चारचौघांत, ही त्यांची पद्धत. त्यात त्यांना मजा यायची, हेही कुणापासून लपलेलं नव्हतं. म्हणून त्या चाळणबाई.

टेंडरच्या मसुद्यात एकच अट होती: पिशवी जैवआधारित असावी, म्हणजे वनस्पतीपासून बनलेली. बाईंना तिच्याखाली आणखी एक ओळ हवी होती: ती आपल्या ढिगात कुजलीही पाहिजे. ती ओळ त्या आजच्या बैठकीत मांडणार होत्या.

दुपार व्हायच्या आत पोलिसांनी खताच्या आवाराच्या मुकादमाला उचललं. प्रेत त्यालाच सापडलं होतं, खोलीची किल्ली त्याच्याकडे होती, आणि आदल्याच दिवशी बाईंनी त्याला सगळ्या आवारासमोर झापलं होतं: ढीग वेळेवर वरखाली करत नाहीस, चाचणीचा ढीग थंड पाडलास, तुझी नोकरी घालवते की नाही बघ. त्यावर तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला होता. तेव्हा ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. आता ते प्रत्येकाला शब्दन् शब्द आठवत होतं.

हा मुकादम म्हणजे फौजदारबाईंचा जावई.

२

फौजदारबाई पोलिसातून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी गल्लीतली पोरं त्यांच्या दारावरून जाताना आवाज खाली आणत.

जावयाला अटक झाली म्हणून त्यांना धक्का बसला नाही. हा माणूस एक दिवस आपल्याला खाली मान घालायला लावणार, हे त्यांनी लेकीला लग्नाआधीच बजावलं होतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. हे त्याने केलेलं नाही, याची त्यांना खात्री होती. तो आळशी होता, थापाड्या होता. पण माणसाचा श्वास कोंडायचा तर बराच वेळ नेटाने जोर लावावा लागतो, आणि बराच वेळ नेटाने जोर लावून त्या गृहस्थाने आयुष्यात काहीही केलेलं नव्हतं.

अटकेला सहा आठवडे होत आले होते, आणि आता जामीनही नाकारला गेला होता. लेक भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. सकाळपासून तिने केसही विंचरले नव्हते.

"आई, तू जन्मभर माणसं आत टाकलीस. आता एक बाहेर काढ."

"तेवढ्यासाठी हाच मिळाला का तुला?"

"मला हाच पाहिजे," लेक म्हणाली. "तो नाही सुटला तर मी तुझं तोंड बघणार नाही. सांगून ठेवते."

ती हे बोलत असतानाच मामा आला. फौजदारबाईंचा हा धाकटा भाऊ केस पांढरे झाले तरी घरात 'छोट्या'च होता. बाहेर मात्र तो खरेदी कार्यालयाचा प्रमुख होता आणि हे नवं धोरण त्याचंच. आई गेली तेव्हा छोट्या शाळेतही जात नव्हता, त्याला फौजदारबाईंनीच वाढवलं. पुढे त्या ठाण्यात रात्रपाळ्या करत तेव्हा त्यांच्या लेकीला वेणी घालायला, डबा भरून द्यायला हाच मामा असे. जावयाला मुकादमाची नोकरीही त्यानेच लावून दिलेली.

त्याने भाचीला जवळ घेतलं. "रडू नकोस. शहरातला सगळ्यात चांगला वकील मी दिलाय. पिशवी सापडलेली नाही, आणि ती नाही तर त्यांच्या हातात काहीच नाही. चार महिने जातील, पण सुटेल."

"नक्की, मामा?"

"मी स्वतः जाऊन त्याला घरी घेऊन येईन. ताई, तूही उगाच धावपळ करू नकोस. तुझे गुडघे दुखतात."

फौजदारबाईंनी मान डोलावली आणि चपला घातल्या.

३

तपास करणारा इन्स्पेक्टर एके काळी फौजदारबाईंच्या हाताखाली होता आणि त्यांच्या शिव्या खाऊन मोठा झाला होता. त्यांना नाही म्हणायची त्याची अजून हिंमत नव्हती.

"मॅडम, वाईट वाटतं, पण दुसरं कुणी दिसत नाही," तो नमुना-खोलीचं दार उघडत म्हणाला.

"दिसत नाही की बघितलं नाही?"

खोली लहान होती. कपाटात पिशव्यांच्या गड्ड्या लावलेल्या, हिरव्या वेगळ्या आणि दुधी रंगाच्या वेगळ्या. दाराशी हिरव्या पातळ हातमोज्यांचं खोकं आणि वर बाईंच्या अक्षरातली पाटी: मोज्यांशिवाय नमुन्याला हात लावू नये. हे मोजेसुद्धा हिरव्या कंपनीचाच नमुना होते. बाई एकाही माणसाला मोजे घातल्याशिवाय आत येऊ देत नसत. मोठ्या साहेबांनाही नाही.

"त्या संध्याकाळी कोण कोण आलं होतं?"

"हिरव्या पिशवीचा एजंट आणि दुधी पिशवीवाली बाई. दोघांच्या नमुन्यांना सील लावायचं होतं. दोघं वेगवेगळे आले, वेगवेगळे गेले. मुकादम आवारातच होता, आणि साहेब वर आपल्या खोलीत. आपण खाली आलोच नाही म्हणतात."

"आणि फाटक?"

"तिथेच तर अडतंय. नमुने चोरीला जायला लागल्यापासून फाटकावर प्रत्येकाची झडती होते, खिसेसुद्धा उलटे करतात. अगदी साहेबांचेही, त्यांनीच तसा हुकूम काढलाय. कुणाकडे काही निघालं नाही. म्हणजे पिशवी आतच असणार. आम्ही गटारं उपसली, छपरं बघितली, ढिगांत काठ्या खुपसल्या. नाही सापडली."

फौजदारबाई मागच्या दाराने आवारात गेल्या. दोन मोठे ढीग होते. एक थंड, दबलेला, वर गवत उगवलेला. दुसरा नवा, त्यातून वाफ निघत होती आणि उभं राहिलं की घोट्यांना ऊब लागत होती. गरम ढिगाच्या मधोमध हातभर लांब दांड्याचा थर्मामीटर उभा खोचलेला होता. शेजारी नवी पाटी: चाचणी चालू आहे, मुदत संपेपर्यंत ढीग हलवू नये. खाली खरेदी प्रमुखांची सही.

"ही पाटी कधीची?"

"खुनाच्या दुसऱ्या दिवसाची. साहेब म्हणाले, बाईंची शेवटची चाचणी आहे, तेवढा तरी मान राखा."

"आणि हा थर्मामीटर तुम्ही लावलात?"

"नाही मॅडम. त्या सकाळी आम्ही आलो तेव्हाही असाच होता."

खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर एक खिळा होता. त्याच्याखाली चुन्यावर थर्मामीटरच्या आकाराची लांबट खूण पडली होती. रोज वापरून, पुसून, परत तिथेच टांगलेल्या वस्तूची असते तशी. फौजदारबाई त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

४

एजंट गोड माणूस होता. इतका गोड, की दोन वाक्यांत फौजदारबाईंना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"बाईंचं जाणं म्हणजे आमचंही नुकसान हो," तो म्हणाला.

"कसलं नुकसान? त्यांची अट आली असती तर तुमची पिशवी बाद झाली असती."

"झाली असती," त्याने लगेच कबूल केलं. "उसाच्या रसापासून बनते आमची पिशवी. शंभर टक्के जैवआधारित. पण शेवटी बनतं ते तेच प्लास्टिक. खनिज तेलापासून करा नाहीतर उसापासून, एकदा झालं की दोन्हीत काडीचा फरक नाही. न ते कुजतं, न हे."

"मग पिशवीवर पान कशाला छापता?"

"ऊस वनस्पतीच आहे ना बाई? आम्ही कुजते असं कधीच म्हटलेलं नाही. साहेब म्हणतात. प्रत्येक भाषणात म्हणतात, आजची पिशवी उद्याची माती. आता एवढा मोठा माणूस आपला माल आपल्यापेक्षा चांगला विकतोय, तर मधे बोलून मी त्याला कशाला अडवू?"

दुधी पिशवीवाली बाई गोड नव्हती. तिची पिशवी मक्याच्या पिठापासून बनत होती, ढिगात खरोखर विरघळून जात होती, आणि गरम भात पडला की दवाखान्याच्या जिन्यातच फाटत होती.

"मला का विचारता?" ती फणकारली. "चाळणबाई माझी एकुलती एक आशा होती. त्या ओळीसाठी मी त्यांच्या पाया पडले असते."

"त्यांना तुम्ही काही दिलं होतं का?"

"घेतलं असतं तर दिलं असतं. नाही घेतलं त्यांनी. तुमच्या साहेबांना मात्र वाटतं, की मी त्यांना विकत घेतलंय. तोंडावर म्हणाले मला, की थंड ढिगात चाचणी घेऊन हिरवी पिशवी मुद्दाम नापास केलीत. अहो, ती पिशवी चुलीवर ठेवली तरी कुजायची नाही, वितळेल फक्त. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ज्याला कळून घ्यायचंच नाही, त्याला कोण सांगणार?"

फौजदारबाई उठल्या. कुठेतरी काहीतरी टोचत होतं, पण ते काय, ते त्यांना अजून चाचपता येत नव्हतं. किंवा चाचपायचं नव्हतं.

५

कोठडीत जावई भिंतीकडे तोंड करून झोपला होता. खुनाच्या आरोपाखाली भरदुपारी एवढं गाढ झोपता येणं हाच खरंतर निर्दोषपणाचा पुरावा होता.

"उठा."

"सासूबाई! तुम्ही?" तो धडपडत उठला. "काहीतरी करा हो. इथे ढेकूण आहेत."

"चाळणबाई मेल्या, आणि तुम्हाला ढेकणांचं पडलंय. थर्मामीटर तुम्ही ढिगात लावलात?"

"छे! ते बाईंचं खेळणं. मला हातही लावू देत नसत. मी आपला सळई खुपसतो आणि बाहेर काढून हात लावून बघतो. चटका बसला की गरम."

"थंड ढीग कुणामुळे थंड पडला?"

त्याने मान खाली घातली. "कंबर धरली होती माझी. नुसतं निमित्त मिळालं त्यांना. पण नोकरी घालवायला नव्हत्या निघाल्या त्या. दरवेळी तेच म्हणायच्या."

"मग त्या हिरव्या पिशवीचा निकाल तुमच्या आळसाने बिघडला म्हणायचा."

"कसला बिघडतो!" जावई चक्क हसला. "ती पिशवी गरम ढिगातूनही तशीच निघते. गेल्या हंगामातल्या गरम ढिगातून मी एक काढली, धुतली आणि तिच्यातून तुमच्याकडे बटाटे आणले. तुमच्या दारामागे लटकतेय ती."

फौजदारबाई घरी आल्या. स्वयंपाकघराच्या दारामागे हिरवी पिशवी लटकत होती, आत अजून चार बटाटे होते. त्यांनी बटाटे ओट्यावर ओतले, पिशवी दोन्ही हातांनी ताणली, मग पायाखाली धरून ओढली. पिशवीला काही झालं नाही. एक हंगामभर खतात शिजून निघालेल्या त्या पिशवीवर पानाच्या शिरासुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

त्या खुर्चीवर बसल्या. आता टोचणारी गोष्ट बरोबर बोटाखाली आली होती. तिथून बोट उचलावं, बटाटे परत भरावेत आणि आपले गुडघे दुखतात हे कबूल करून गप्प बसावं, असं त्यांना फार मनापासून वाटलं.

६

"ताई! ये, बस. चहा सांगतो," छोट्या उठून उभा राहिला. बहीण खोलीत आली की तो अजूनही उठायचा.

भिंतीवर त्याचे फोटो होते. एका फोटोत तो शाळेतल्या मुलांना हिरवी पिशवी दाखवत होता आणि मुलं टाळ्या वाजवत होती. सगळं शहर त्याला ओळखायला लागलं ते या पिशवीमुळे. त्याआधी तो नुसता खुर्चीत बसणारा एक माणूस होता.

"चाळणबाईंनी गेल्या हंगामात काय दाखवलं होतं रे चादरीवर?" फौजदारबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

त्याचा चेहरा आखडला. "आमची पिशवी. अख्खी. सगळ्यांसमोर उचलून माझ्या नाकासमोर धरली. पण ती चाचणीच खोटी होती. तुझ्या जावयाने ढीग थंड पाडला, आणि बाईंनी ते पथ्यावर पाडून घेतलं. दुधीवालीची माणसं सगळी."

"आणि ढीग गरम असता तर?"

"तर काय उरणार?" तो एकदम उजळला. भाषणात उजळत असे तसा. "वनस्पतीपासून आलेली वस्तू आहे ताई, वनस्पतीसारखीच जाणार. नीट गरम ढिगात मधोमध पुर, पाच-सहा आठवड्यांत शोधून सापडायची नाही."

चहा आला. फौजदारबाईंनी तो बशीत ओतला, आणि न पिताच बशी खाली ठेवली.

"तो गरम ढीग उघडू दे ना मला. पोलिसांनी नुसत्या काठ्या खुपसल्यात."

"नको," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला, आणि मग हसला. "मुदत संपू दे. बाईंची शेवटची चाचणी आहे. मेलेल्या माणसाचा एवढा मान तरी राखूया."

"बरं," फौजदारबाई म्हणाल्या.

जिना उतरताना मधल्या पायरीवर त्या बसल्या. ये-जा करणाऱ्या कारकुनांना वाटलं, गुडघे. एकाने पाणी आणून दिलं. याच हातांनी त्यांनी छोट्याला भरवलं होतं, तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. गप्प बसलं तर तो वाचत होता. गप्प बसलं तर लेकीचा नवरा आत सडत होता, आणि सुटला असता तरी त्याच्याकडे लोकांनी खुनी म्हणूनच पाहिलं असतं. त्या पाणी प्यायल्या, उठल्या आणि सरळ ठाण्यात गेल्या.

"ढीग उघडा," त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं. "थर्मामीटर आहे बरोबर त्याच्याखाली. आणि चाळण घ्या. पांढरी चादरही."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सगळे जमले. एजंट आला, दुधीवाली आली, आणि ढीग उघडतायत हे कळल्यावर छोट्याही तरातरा जिना उतरून आला. "कुणाच्या परवानगीने?" तो ओरडला. इन्स्पेक्टरने त्याला कागद दाखवला. तो वाचून छोट्या घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत उभा राहिला. खुनाला सहा आठवडे होऊन गेले होते. तो घाबरलेला दिसत नव्हता.

शिपायांनी खोरी लावली. वाफेचा लोट उठला, सगळे मागे सरले. हातभर खोल गेल्यावर एकाने चाळणीत माती घेतली, हलवली आणि थांबला.

चाळणीत हिरवी पिशवी होती. कड फाटलेली. तिच्या आत दोन हिरवे हातमोजे, घाईत उलटे काढलेले. इन्स्पेक्टरने बाईंच्या मुठीतला तुकडा पाकिटातून काढून फाटलेल्या कडेशी धरला. पान पुरं झालं.

"पिशवी बाहेर नेता येत नव्हती, फाटकावर झडती होती," फौजदारबाई बोलायला लागल्या. त्यांचा आवाज ठाण्यातला होता. "म्हणजे ती आवारातच लपवायची. आता बघा. या सगळ्या शहरात एकच जागा अशी आहे, की जिथे पुरलेला कपटासुद्धा मुदत संपली की उकरला जातो, चाळला जातो आणि चारचौघांत चादरीवर मांडला जातो. ती जागा म्हणजे हा ढीग. पिशवी कुजत नाही हे ज्याला माहीत आहे, तो ती इथे कधीच पुरणार नाही. एजंटला माहीत होतं, तोच बनवून विकतो. दुधीवालीला माहीत होतं, तिची सगळी भिस्तच त्यावर. माझ्या जावयाला माहीत होतं, तो त्याच पिशवीतून बटाटे आणतो."

कुणी हसलं नाही.

"पुरणाऱ्याने आधी थर्मामीटर घालून सगळ्यात गरम जागा शोधली. जावई तर सळई खुपसतो, आणि चाळणबाई थर्मामीटर पुसून खिळ्याला टांगायच्या. मग मुदत संपेपर्यंत ढिगाला कुणी हात लावू नये, अशी पाटी लागली. ही पिशवी माती होणार, यावर या आवारात एकाच माणसाचा विश्वास होता. छोट्या, उलट्या मोज्यांच्या आत बोटांचे ठसे राहतात. ते तपासायचे, की तू सांगतोस?"

छोट्या बहिणीकडे बघतच नव्हता. तो पिशवीकडे बघत होता.

"ढीग गरम होता का?" त्याने विचारलं.

"हात घालून बघ."

त्याने खरंच वाकून खड्ड्यात हात घातला. चटका बसला तसा झटकन बाहेर काढला. मग परत घातला आणि तसाच ठेवला, चामडी लाल व्हायला लागली तरी. शेवटी इन्स्पेक्टरने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"गरम आहे," तो म्हणाला. "चांगला गरम आहे."

"का मारलंस तिला?"

"मी भांडायला गेलोच नव्हतो, ताई. विनवायला गेलो होतो, की बैठक होऊ दे, गरम ढिगात परत चाचणी घे. मोजे तिनेच दिले, घाला म्हणाली, नियम आहे. मी पिशवी हातात घेऊन तिला समजावत होतो. ती म्हणाली, गरम काय आणि थंड काय, हे कुजणारच नाही. वर्षभर दवाखान्यांचा कचरा या पिशव्यांतून आलाय आणि त्यांच्या चिंध्या खताबरोबर सगळ्या बागांत, शेतांत गेल्यात. उद्या चादरीवर तुम्हालाच मांडते. आणि हसली. टेबलावर डोकं टेकवून हसली." त्याने लाल झालेला हात छातीशी धरला. "नंतर वाटलं, पिशवी एकदा माती झाली की पुरावा नाही. जावईही सुटेल. कुणालाच शिक्षा नाही. वकील मी चांगला दिला होता ना त्याला?"

"आणि चाळणबाई?"

त्याने त्यावर कधी विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फौजदारबाईंना त्याची कीव आली नाही. ती पुढे यायची होती, आणि मग जायची नव्हती.

मागे एजंट दुधीवालीला हळूच विचारत होता, की बैठक आता कधी लागेल.

८

कागदपत्रं होऊन जावई सुटायला पुढचे दोन दिवस गेले. तुरुंगाच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "सासूबाई, रिक्षा करूया. कंबर धरलीय." फौजदारबाईंनी रिक्षा केली. वाटेत तो दोनदा घोरला.

लेकीला त्यांनी नवरा सुटतोय एवढंच कळवलं होतं. बाकीचं तोंडी सांगायचं ठरवलं होतं, आणि दोन दिवस त्यासाठी शब्द जुळवत होत्या. जुळले नव्हते.

लेकीने दार उघडलं. घर लख्ख झाडलेलं होतं, तिने केस विंचरून वेणी घातली होती. नवऱ्याच्या गळ्यात पडून ती हसत होती, रडत होती, त्याच्या दाढीवरून हात फिरवत होती. जावई म्हणाला, आधी जेवायला वाढ. ती आत धावली. टेबलावर चार ताटं मांडली होती.

वाढता वाढता ती परत बाहेर आली, दारात गेली आणि जिन्यात डोकावली.

"मामा गाडी लावतोय का?" तिने विचारलं. "मी स्वतः घेऊन येईन म्हणाला होता."

जावयाने घास तोंडात घालता घालता सासूकडे पाहिलं. फौजदारबाईंनी पुढे होऊन दार लावलं, आणि चौथं ताट उचलायला गेल्या.

"ते राहू दे," लेक म्हणाली. "त्याचं आहे."